शार्क शिकवताना दातांपासून सुरुवात करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्गात साडेचार ते सहा वर्षांची बावीस मुलं आहेत आणि पुढच्या आठवड्याचा विषय शार्क आहे. शब्द उच्चारला की निम्मी मुलं एकमेकांना चावायला धावतात. एक मुलगा चित्र पाहूनच रडला. शार्क समुद्रासाठी महत्त्वाचा आहे हे या वयाला कसं सांगायचं, ते तुम्हाला सुचत नाहीये. आणि ‘शार्क माणसाला खातो का?’ असं मुलांनी विचारलं तर खरं सांगायचं की वेळ मारून न्यायची, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी एकोणीस वर्षं लहान मुलांना निसर्ग शिकवते आहे आणि त्यातली पहिली काही वर्षं हा विषय मी चुकीचा शिकवला. म्हणून आधी माझ्या चुकाच सांगते.

पहिल्या वर्षी मी शार्कच्या उघड्या जबड्याचं मोठं चित्र फळ्यावर लावलं. मुलं खूश झाली आणि आठवडाभर फक्त दात काढत बसली. बाकीचा शार्क, म्हणजे त्याचं शरीर, त्याचं घर, त्याचे शेजारी, कुणाच्या कागदावर उमटलाच नाही. दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले. हसऱ्या तोंडाचा कापडी शार्क हातात घालून ‘मी तुमचा मित्र आहे’ असं त्याच्याकडून वदवून घेतलं. तेव्हा मोठ्या गटातल्या एका मुलीने शांतपणे विचारलं, “ताई, मित्र आहे तर तो माशांना का खातो? मासे पण मित्र आहेत ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. भीतीच्या जागी मी एक गोड थाप ठेवली होती, आणि पाच वर्षांच्या मुलीला ती पकडायला दोन मिनिटं लागली.

त्यानंतर मी सुरुवातच बदलली. आता पहिल्या दिवशी शार्क येत नाही, त्याचं अंडं येतं.

शार्कच्या बऱ्याच जाती अंडी घालतात, आणि ती कोंबडीच्या अंड्यासारखी नसतात. काहींचं अंडं म्हणजे तपकिरी, चामड्यासारखी चौकोनी पिशवी असते. तिच्या चारही कोपऱ्यांना वेलीच्या तणाव्यांसारखे दोरे असतात आणि त्या दोऱ्यांनी ती समुद्री वनस्पतीला अडकून राहते. पोर्ट जॅक्सन शार्कचं अंडं तर स्क्रूसारखं पिळदार असतं. ते खडकांच्या फटीत घट्ट बसतं, लाटांनी वाहून जात नाही, आणि पिल्लू बाहेर यायला दहा-बारा महिने लागतात. मी तपकिरी कार्डशीटची पिशवी करते, आत पातळ कागदाचं पिल्लू आणि एक पिवळा गोळा (अंड्यातला बलक, म्हणजे त्याचा डबा!) ठेवते, खोलीत अंधार करते आणि मागून टॉर्च लावते. खऱ्या अंड्यामागे उजेड धरला तरी आतलं पिल्लू असंच वळवळताना दिसतं. मुलं कुजबुजायला लागतात. ज्या प्राण्याचं पिल्लू अंड्यात पाहिलं, त्याच्याकडे मूल वेगळ्या नजरेने बघतं. तुमचा रडणारा मुलगाही या दिवशी बहुधा रडणार नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: “त्याची आई कुठे गेली?” ती निघून गेली, असंच सांगा. शार्कची आई अंडं घालून किंवा पिल्लाला जन्म देऊन निघून जाते. पिल्लू पहिल्या दिवसापासून पोहू शकतं, त्याला दात असतात, ते स्वतःचं खाणं स्वतः शोधतं. ‘आई खाऊ आणायला गेलीये’ असं सांगण्याचा मोह होतो, तो आवरा. मी एकदा तसं सांगितलं आणि पुढचे तीन दिवस मुलं आई परत आली का ते विचारत होती. (सगळे शार्क अंडी घालत नाहीत, अनेकांना थेट पिल्लं होतात, एवढं सांगून पुढे जा. सँड टायगर शार्कची पिल्लं आईच्या पोटातच आपल्या भावंडांना खातात, हे मात्र स्वतःपाशीच ठेवा. सहावीत सांगा, तेव्हा ते त्यांना फार आवडतं.)

दुसऱ्या दिवशी मापं. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत, पण ‘पाचशे’ म्हणजे काय ते या वयाला कळत नाही. लहान-मोठं मात्र अंगाने कळतं. सर्वांत लहान शार्कांपैकी एक म्हणजे बुटका लँटर्न शार्क, जेमतेम वीस सेंटिमीटर, म्हणजे नव्या पेन्सिलीपेक्षा किंचित लांब. व्हेल शार्क सहज बारा मीटर भरतो, आणि अठरा मीटरच्या वरची मापंही नोंदलेली आहेत. मी बारा मीटरची दोरी व्हरांड्यात टाकते आणि तिच्या कडेने मुलांना डोक्याला पाय लावून झोपवते. साधारण अकरा मुलं लागतात. अकराव्या मुलाला आपण शेपूट आहोत याचा फार अभिमान वाटतो.

आणि मग खरी गंमत: हा एवढा मोठा मासा खातो काय? प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माशांची अंडी, अगदी छोटे मासे. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, गाळायचं, पाणी कल्ल्यांतून सोडून द्यायचं. मोठ्या टोपात पाणी, त्यात चिमूटभर रंगीत कागदाचे तुकडे आणि मुलांच्या हातात चहाची गाळणी, एवढ्यावर अर्धा तास जातो. ‘मोठा प्राणी म्हणजे मोठ्यांना खाणारा’ ही समजूत गाळणीसोबत वाहून जाते, वेगळं समजावावं लागत नाही.

नावांचा गोंधळ मात्र याच दिवशी मिटवा. व्हेल शार्क हा व्हेल नाही, मासा आहे. आणि मुलांच्या डोक्यात देवमासा, डॉल्फिन आणि शार्क हे तिघे एकाच कप्प्यात असतात. आपल्या भाषेने तर ‘देवमासा’ म्हणून त्या बिचाऱ्या सस्तन प्राण्याला मासाच करून टाकलं आहे, तेव्हा मुलांना दोष देऊ नका. सगळ्यात सोपी खूण शेपटीची. शार्कची शेपूट उभी असते आणि डावीकडे-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आणि देवमाशाची आडवी असते आणि खाली-वर हलते. मुलांना तळहात जोडून पुढे धरायला लावा आणि हात डावी-उजवीकडे हलवत चालवा: हा शार्क. मग तळहात जमिनीकडे करून खाली-वर: हा डॉल्फिन. दोनदा केलं की कायमचं बसतं. वर्षभराने भेटलेली मुलंही मला हातानेच ओळख देतात. जाता जाता ‘मुशी’ हा शार्कसाठीचा मराठी शब्द सांगून टाका. मुलांना तो तोंडात घोळवायला आवडतो.

शरीराच्या बाकी गोष्टी भराभर घेता येतात. शार्कला हाडं नसतात, सांगाडा कूर्चेचा असतो. स्वतःचा कान दुमडून पाहा, तीच ती. कातडीवर दातांसारखे अगदी बारीक खवले असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर पॉलिशपेपरसारखी खरखरीत. म्हणून पॉलिशपेपरचा तुकडा हवाच. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, शार्कच्या पोटात नसते. त्याऐवजी त्याचं यकृत मोठं आणि तेलाने भरलेलं असतं, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं. दोन सारख्या छोट्या बाटल्या, एकीत काठोकाठ तेल, दुसरीत काठोकाठ पाणी, दोन्ही टबात सोडा. बाकी मुलं बघून घेतील.

दात कधी आणायचे? तिसऱ्या दिवशी, आणि तेही वर्गात कुणाचा तरी दुधाचा दात हलत असेल त्या मुहूर्तावर. सहाव्या वर्षाच्या आसपास असा एक वीर प्रत्येक वर्गात सापडतोच. आपले दात एकदाच पडून नवे येतात. शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा असतात, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो, असं जन्मभर चालतं आणि आयुष्यात हजारो दात होऊन जातात. दात पडणं ही या मुलांच्या आयुष्यातली सध्याची सर्वांत मोठी बातमी आहे. शार्कचे दात त्या बातमीला जोडले की त्यांतली भीती निम्म्याने उतरते.

आता तो प्रश्न. ‘शार्क माणसाला खातो का?’

मी नेहमी हेच शब्द वापरते: “शार्कचे खूप प्रकार आहेत. त्यांतले बहुतेक माणसाला चावत नाहीत. काही मोठे शार्क कधीतरी चावतात, आणि चावले तर खूप लागतं. असं फार कमी वेळा होतं. शार्क आपल्या घरात येऊ शकत नाही, न्हाणीघरात येऊ शकत नाही, पोहायच्या तलावात येऊ शकत नाही.” यातलं शेवटचं वाक्य मोठ्यांना वेडेपणा वाटतं, पण मुलासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. मुलाने ‘खातो का’ विचारलं तरी बहुतेक वेळा त्याला विचारायचं असतं, ‘मला खाईल का, आज रात्री?’ फक्त ‘शार्क खाऱ्या पाण्यातच राहतो’ असं ठोकून देऊ नका. बुल शार्क नदीतही बराच आत शिरतो, आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला ते आधीच माहीत असतं.

तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी आकडे: माणसाने काही छेड न काढता शार्क चावल्याच्या घटना जगभरात मिळून वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास नोंदल्या जातात. त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. गंभीर चाव्यांमागे मुख्यतः तीन जाती असतात: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. हे आकडे लहान मुलांना सांगून उपयोग नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी ‘साठ’ हाच प्रचंड आकडा असतो. आणि ‘शार्कपेक्षा डोक्यात नारळ पडून जास्त माणसं मरतात’ हे वाक्य तर वापरूच नका. ते सगळीकडे फिरतं, पण त्याला भरवशाचा आधार नाही. शिवाय एका मुलाला मी ते सांगितलं, तर तो शार्कला घाबरतच राहिला आणि वर नारळाच्या झाडाखालून जाईना.

पालकांकडून येणाऱ्या आणखी काही गोष्टी: शार्कला कर्करोग होत नाही (होतो, शार्कमध्ये गाठी सापडल्या आहेत), पोहायचा थांबला की शार्क मरतो (काही जातींना श्वासासाठी सतत पोहावं लागतं, पण नर्स शार्क तासन्‌तास तळाशी पडून राहतो आणि तोंडाने पाणी आत ओढून श्वास घेतो), रक्ताचा एक थेंब त्याला कोसभरावरून कळतो (नाक तीक्ष्ण आहे, एवढं मात्र नाही). वाद घालू नका, वर्गात बरोबर ते सांगा. मुलं घरी जाऊन पालकांना सुधारतात.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग, समुद्रातलं शार्कचं काम. इथे बहुतेक साहित्य एक तर ‘समुद्राचा राजा’ म्हणतं, नाही तर ‘समुद्राचा पोलीस’ किंवा ‘सफाई कामगार’. तिन्ही टाळा. राजा म्हटलं की तो हुकूम देतो असं मुलांना वाटतं. शिवाय बहुतेक जाती शिखरावर नसतातच. त्या मधल्या पायरीवर असतात, छोट्यांना खातात आणि मोठ्या शार्कांच्या पोटात जातात. ग्रेट व्हाइटलासुद्धा ऑर्का, म्हणजे काळा-पांढरा मोठा डॉल्फिन, मारतो. पोलीस म्हटलं की सील चोर ठरतात. माझ्या वर्गात एका मुलाने खरोखर सीलला हातकड्या काढल्या होत्या.

ठोकळ्यांचा मनोरा रचून त्यातला शार्कचा ठोकळा काढायचा, मनोरा कोसळतो, टाळ्या, हा खेळही मी सोडून दिला. त्यातून मुलं शिकतात की एक प्राणी गेला की सगळा समुद्र धाडकन पडतो. समुद्र तसा पडत नाही. बदल होतो, पण हळू, आडवळणाने, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा.

त्याऐवजी मी एका खऱ्या जागेची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक उथळ उपसागर आहे, त्याचं नावच शार्क बे. तिथे समुद्रगवताची जगातल्या सर्वांत मोठ्या कुरणांपैकी काही कुरणं आहेत. ते गवत चरायला डुगाँग येतात, म्हणजे समुद्रगायी, आणि कासवंही येतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत तिथे टायगर शार्क वाढतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधक तिथे वर्षानुवर्षं निरीक्षण करत आले आहेत. त्यांना दिसलं ते असं: शार्क आसपास जास्त असले की डुगाँग गवताने भरलेल्या उथळ भागातून बाहेर पडतात आणि कडेच्या, खोल पाण्याजवळच्या भागात चरतात. तिथे गवत कमी, पण निसटायला वाट जास्त. डोकं खुपसून मुळांसकट गवत उपटणंही ते तेव्हा कमी करतात, कारण तसं चरताना आजूबाजूला लक्ष ठेवता येत नाही. परिणामी मधलं गवत वाचतं. ते गवत वाळू धरून ठेवतं आणि त्यात माशांची पिल्लं लपतात.

यात शार्कने किती डुगाँग खाल्ले हा मुद्दा मागे पडतो. तो तिथे असू शकतो, एवढ्याने चरणाऱ्यांची जागा बदलते. मला वाटतं, लहान मुलांना शार्कचं काम सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण त्यात कुणाला मारून दाखवावं लागत नाही. आणि मुलांना हे स्वतःच्या अनुभवावरून कळतं. ताई दारात उभी आहे एवढ्यानेच खेळण्यांच्या कपाटापाशी काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं.

खेळ असा. जमिनीवर निळी चादर. मध्यभागी हिरव्या कागदाच्या पट्ट्या भरपूर, साधारण साठ. कडेने विरळ, पंधरा-वीस. आठ-दहा मुलं डुगाँग, एक मूल शार्क, बाकीचे मोजणारे (पुढच्या फेरीला अदलाबदल). डुगाँगने एका वेळी एकच पट्टी उचलायची आणि खिशात टाकायची. शार्क पळत नाही, कुणाला पकडत नाही, कुणाला हात लावत नाही. तो हात जोडून शेपूट हलवत सावकाश फिरतो. नियम एकच: शार्क तीन मोठ्या पावलांच्या आत आला की डुगाँगने कडेला सरकायचं. दोन मिनिटं खेळ, मग मधल्या पट्ट्या मोजा. सगळ्या पट्ट्या परत ठेवा आणि दुसरी फेरी शार्कशिवाय खेळा. पुन्हा मोजा.

दुसऱ्या फेरीत मधलं कुरण साफ होतं. मग मी एक जादाची गोष्ट करते, ‘पाऊणशे सेकंदांचा पावसाळा’ असं मी तिला उगाच नाव दिलं आहे, समुद्रगवताचा पावसाशी काही संबंध नाही. उरलेल्या प्रत्येक पट्टीशेजारी एक नवी पट्टी ठेवायची: गवत वाढलं. पहिल्या फेरीनंतर वीस उरल्या असतील तर चाळीस होतात. दुसऱ्या फेरीनंतर काही उरलंच नाही, तर वाढणार काय? इथे मी गप्प बसते. कुणीतरी बोलतंच. एकदा एक मुलगी जवळजवळ रागाने म्हणाली, “पण शार्कने तर काहीच खाल्लं नाही!” अगदी बरोबर. तेच शिकवायचं होतं.

शार्क होण्यासाठी भांडणं होतील. चावायला धावणाऱ्या मुलालाच पहिला शार्क करा. सावकाश फिरायचं, हात लावायचा नाही आणि तरी सगळे आपल्यामुळे हलतात, याचा त्याच्यावर होणारा परिणाम बघण्यासारखा असतो.

एक सावधगिरी तुमच्यासाठी. ‘शार्क नसतील तर समुद्र मरेल, आपल्याला श्वास घ्यायला प्राणवायू मिळणार नाही’ अशी वाक्यं तुम्हाला तयार साहित्यात सापडतील. ती सांगू नका. सुबक गोष्टी नंतर फसतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबद्दल एक अभ्यास खूप गाजला: मोठे शार्क घटले, म्हणून त्यांचं भक्ष्य असलेले एका जातीचे पाकट (शार्कचे चपट्या अंगाचे नातलग मासे) वाढले, आणि पाकटांनी स्कॅलप शिंपले फस्त केले. ऐकायला झकास साखळी. त्या आधाराने पाकट मारण्याची मोहीमही चालली. २०१६ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हिशेब जुळत नाही. त्या पाकटाला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं, तो इतक्या झपाट्याने वाढूच शकत नाही, आणि शिंपले घटण्याचा काळही जुळत नाही. म्हणून मी मुलांना ‘शार्क बे नावाच्या ठिकाणी असं दिसलं’ असंच सांगते, ‘सगळीकडे असंच होतं’ असं म्हणत नाही. पाच वर्षांच्या मुलाला हा फरक कळणार नाही, पण त्याच्या कानाला तसं बोलणं लागतं.

मुलांना हमखास आवडणारं दुसरं काम म्हणजे शी. थांबा, हे खरं शास्त्र आहे. पॅसिफिक महासागरात पाल्मायरा नावाचं प्रवाळबेट आहे. तिथले ग्रे रीफ शार्क बाहेर मोकळ्या समुद्रात खातात आणि दिवसा प्रवाळापाशी परततात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार तिथले सुमारे आठ हजार शार्क मिळून रोज नव्वद किलोच्या वर नायट्रोजन प्रवाळांच्या पाण्यात सोडतात. म्हणजे लांबून खत आणून टाकतात. हे सांगितल्यावर पाच मिनिटं वर्ग हातात राहत नाही, त्याची तयारी ठेवा. पण घरी जाऊन प्रत्येक मूल हीच गोष्ट सांगतं.

आणि सगळे शार्क फक्त मांस खात नाहीत हेही सांगा. बॉनेटहेड हा हॅमरहेडचा, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचा, छोटा भाऊबंद समुद्रगवतही खातो, आणि ते त्याला पचतं, हे २०१८ मध्ये सिद्ध झालं. कमी जेवणाऱ्या मुलांच्या पालकांना हे उदाहरण फार सोयीचं वाटतं. माझा त्याला पाठिंबा नाही.

गोष्ट सांगायचीच असेल तर बनावट शार्कची सांगू नका, युजीनी क्लार्कची सांगा. ती १९२२ साली जन्मली. लहानपणी न्यूयॉर्कमध्ये शनिवारी आई कामावर असायची, तेव्हा ती मत्स्यालयात काचेला नाक लावून मासे बघत बसायची. मोठी होऊन ती शार्क शिकवणारी शास्त्रज्ञ झाली. म्हणजे शार्कबद्दल शिकवणारीही आणि शार्कला शिकवणारीही. १९५८च्या सुमारास तिने लेमन शार्कना नाकाने एक फळी दाबायला शिकवलं, फळी दाबली की खाऊ मिळायचा. शार्कना अक्कल नसते असं तेव्हा सर्रास मानलं जायचं. वर्गात फळी लटकवा आणि मुलांना नाकाने दाबायला लावा. खाऊ द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

शार्क संकटात आहेत हे सांगायचं का? या वयाला अगदी थोडं. समुद्रात शार्कांची संख्या खूप घटली आहे. मोकळ्या समुद्रातले शार्क आणि पाकट १९७० ते २०१८ या काळात ७१ टक्क्यांनी कमी झाले, आणि शार्क-पाकटांच्या एकतृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत. मुख्य कारण अतिमासेमारी. २०१९ या एका वर्षात सुमारे आठ कोटी शार्क मासेमारीत मेले असावेत असा अंदाज आहे. हे तुमच्यासाठी. पाच वर्षांच्या मुलावर आठ कोटी मेलेले शार्क टाकून काय साधणार? रात्री झोप उडेल, आणि त्याच्या हातात काहीच नाही.

कारण मात्र दाखवता येतं, थोड्या मोठ्या मुलांना, सात वर्षांच्या पुढे. दोन वाट्या, दोन्हींत दहा-दहा चिंचोके. एक वाटी भरपूर अंडी देणाऱ्या माशाची, दुसरी शार्कची. दर ‘वर्षी’ दोन्हींतून तीन काढायचे. माशाच्या वाटीत पाच घालायचे, शार्कच्या वाटीत एक. चार-पाच वर्षांत शार्कची वाटी रिकामी होते. शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी होतात, काहींना पोटात फार काळ वाढवावं लागतं: काटेरी डॉगफिश या छोट्या शार्कची मादी जवळजवळ दोन वर्षं गाभण असते. ग्रीनलँड शार्कची मादी वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षं लागतात असा २०१६चा अंदाज आहे, आणि त्या अभ्यासातली सर्वांत म्हातारी मादी निदान २७२ वर्षांची होती. मग विचारा, “तिसरा चिंचोका काढला नसता तर?” आणि पुन्हा खेळू द्या. दोन काढून, एक काढून. कुठे वाटी टिकते ते मुलं स्वतः शोधतात.

राहिला तुमचा रडणारा मुलगा. त्याला बळेच जवळ आणू नका आणि ‘बघ बाकीचे कुणी घाबरत नाहीत’ हे तर चुकूनही म्हणू नका. त्याला काम द्या: दोरी धरायची, पट्ट्या मोजायच्या, टॉर्च लावायचा. चित्रं उलटी करून ठेवा आणि उलटी बाजू कधी बघायची ते त्याला ठरवू द्या. माझ्या एका गटात असाच एक होता. चार दिवस त्याने शार्क व्हायला, डुगाँग व्हायला, चादरीवर पाय ठेवायलाही नकार दिला. तो फक्त मोजायचा, आणि बरोबर मोजायचा. पाचव्या दिवशी स्वतःहून म्हणाला, मी डुगाँग होतो. मग पूर्ण दोन मिनिटं तो दाराजवळच्या कोपऱ्यात, सगळ्यात विरळ गवतात, एक डोळा शार्कवर ठेवून एकेक पट्टी वेचत राहिला. खिशात चारच पट्ट्या निघाल्या. त्याच्या जागी खरा डुगाँग असता तर त्यानेही तेच केलं असतं, हे मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं.